आधी कारभार, मग यंत्र

एखाद्या सरकारी खात्यात वा मोठ्या पेढीत संगणकीकरणाचा विषय निघाला, की यंत्रे कोणती घ्यावीत आणि ठेका कोणास द्यावा, याच वादात पहिल्या बैठका खर्ची पडतात. वस्तुतः हा प्रश्न सर्वांत शेवटचा आहे. संस्थेच्या माहितीव्यवस्थेचा समग्र आराखडा जॉन झाकमन यांनी 1987 मध्ये मांडला, आणि 1995 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या टोगॅफ या पद्धतीने कारभार, माहिती, सॉफ्टवेअर व यंत्रसामग्री हे चार थर कालांतराने रूढ केले.

आपल्याकडील शेतजमिनीच्या फेरफाराचेच पाहा. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखत नोंदले गेले, की त्याची वर्दी संगणकावरून तलाठ्याकडे जाते. तो गाव नमुना सहामध्ये नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटिसा काढतो, हरकतीची पंधरा दिवसांची मुदत जाऊ देतो, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच सातबाऱ्यावरील नाव बदलते. हा क्रम 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 150 मधून आलेला आहे, तोच येथील पहिला थर. नोटिशीची पायरी गाळली तर काम झटपट उरकेल, असे एखाद्या प्रणालीकाराला वाटणे स्वाभाविक असले, तरी ती गाळण्याचा अधिकार त्याला नाही. कोणत्या थरावरचा निर्णय कोणाच्या अखत्यारीतील, हे ठरविणे आणि ते पाळले जाते की नाही यावर देखरेख ठेवणे, यालाच माहिती-तंत्रज्ञानाचे नियमन म्हणावयाचे.

माझ्या मते सर्वाधिक उपेक्षा होते ती दुसऱ्या थराची, म्हणजे खुद्द माहितीची. एकाच खातेदाराचे नाव एका उताऱ्यावर आडनावासह, दुसऱ्यावर त्याविना आणि तिसऱ्यावर वेगळ्याच ऱ्हस्वदीर्घाने लागलेले असेल, तर उत्तमातील उत्तम सॉफ्टवेअर त्याला तीन निरनिराळी माणसे समजणार, आणि कागदी दप्तरात तलाठ्याच्या ओळखीपाळखीवर निभावून जाणारा हा दोष संगणकात पीककर्जापासून वारसनोंदीपर्यंत सर्वत्र आडवा येणार. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी संहितेत कलम 155 आहे. परंतु संबंधित खात्यांपैकी कोणाचे दप्तर मूळ मानावयाचे आणि कोणी त्याची केवळ नक्कल वापरावयाची, हे आधी ठरलेले नसेल, तर एकीकडे सुधारलेली चूक दुसरीकडे तशीच नांदत राहते. सॉफ्टवेअर आणि यंत्रे हे उरलेले दोन थर पैसा टाकून बदलता येतात. माहितीचे तसे नाही.

म्हणून खातेप्रमुखांना आग्रहाची विनंती आहे, की निविदेचा मसुदा मंजुरीस ठेवण्यापूर्वी प्रत्येक नोंदीचा धनी कोण, तिच्यात बदल कोणाच्या हुकमाने व्हावयाचा आणि हरकत कोणापुढे चालावयाची, याची यादी त्यांनी स्वतः सही करून मसुद्यास जोडावी.