पंख, पाकळ्या आणि फिल्मची पट्टी

कथा आणि पात्रे बाजूला ठेवून पाहण्याच्या क्रियेलाच विषय करणाऱ्या प्रायोगिक चित्रपटाने निसर्ग टिपण्याच्या रीतीही बदलल्या. अमेरिकी दिग्दर्शक स्टॅन ब्रॅखेज यांनी १९६३ मधील ‘मॉथलाइट’साठी कॅमेरा वापरलाच नाही; पतंगांचे पंख, पाकळ्या आणि गवताची पाती १६ मिलिमीटर रुंदीच्या पारदर्शक चिकटपट्टीच्या दोन थरांत दाबून त्यांनी तिची प्रत काढली, त्यामुळे पडद्यावर पंखांच्या शिरा लखलखत धावतात, पतंग मात्र कुठेच उडत नाही.

फ्रान्समध्ये काम करणाऱ्या रोझ लाउडर यांनी ‘बुके’ मालिकेतील पहिले दहा लघुपट (१९९४-९५) कॅमेऱ्यातच गुंफले. एका मिनिटाच्या लघुपटात १,४४० चौकटी, म्हणजे सेकंदाला २४ स्थिर चित्रे, असतात. त्यांपैकी काहींवर फुले टिपायची, फिल्म मागे गुंडाळायची आणि मध्ये कोऱ्या राहिलेल्या चौकटींवर दुसरेच दृश्य घ्यायचे, अशी ही जवळजवळ विणकामाची पद्धत असून तिला लागणारी चिकाटी पाहता मिनिटभराची लांबी तोकडी म्हणवत नाही. पडद्यावर ही दृश्ये इतक्या वेगाने आलटून पालटून येतात की ती डोळ्यांत मिसळतात आणि वारा नसतानाही ताटवा थरथरल्यासारखा दिसतो.