कार ऑडिओचा घरगुती वीजपुरवठा
कार टेप, ॲम्प्लिफायर, सबवूफर ही मोटारीतील ध्वनी उपकरणे घरात चालवण्यासाठी २३० व्होल्टच्या एसी विजेचे सुमारे १२ ते १४.४ व्होल्टच्या डीसी विजेत रूपांतर करणारे साधन लागते. ते निवडताना विद्युतदाबाइतकाच विद्युतप्रवाह, म्हणजे अँपिअर, महत्त्वाचा असतो. इंजिन सुरू असताना मोटारीतील दाब साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असतो व बॅटरी क्षणार्धात मोठा प्रवाह पुरवू शकते.

प्रवाहाची गणना
खोक्यावरील ‘१००० वॅट’सारखा आकडा बहुधा क्षणिक कमाल क्षमतेचा असतो. गणनेसाठी सतत मिळणारी, म्हणजे आरएमएस, क्षमता घ्यावी. १०० वॅट आरएमएस क्षमतेच्या एबी वर्गातील ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ५० टक्के मानल्यास त्याला २०० वॅट वीज लागते. १३.८ व्होल्टला हा प्रवाह सुमारे १४.५ अँपिअर होतो. म्हणून २० अँपिअरचा पुरवठा योग्य ठरतो. ८० टक्के कार्यक्षमतेच्या डी वर्गातील ॲम्प्लिफायरला याच क्षमतेसाठी सुमारे ९ अँपिअर पुरतात. पुरवठा अपुरा असल्यास खर्जाच्या ठोक्यासरशी दाब घसरतो, आवाज फाटतो किंवा यंत्र बंद पडते.

प्रकार
एसएमपीएस हलका असून त्याचा दाब स्थिर राहतो. संगणकाचा एसएमपीएस वापरता येतो; मात्र त्याच्या १२ व्होल्ट शाखेची अँपिअर मर्यादा स्वतंत्रपणे पाहावी लागते. १२ व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर, डायोड व कपॅसिटर यांच्या पुरवठ्याचा दाब भार नसताना १५ व्होल्टच्या वर जाऊ शकतो. बॅटरी चार्जरच्या अस्थिर दाबामुळे स्पीकरमध्ये गुणगुण ऐकू येते.

जोडणी व सुरक्षितता
कार टेपची पिवळी व लाल वायर सामान्यतः धन टोकाला, तर काळी वायर ऋण टोकाला जोडतात. ॲम्प्लिफायर सुरू होण्यासाठी त्याच्या ‘रिमोट’ टोकालाही १२ व्होल्ट द्यावे लागतात. दाब कमी असला, तरी मोठ्या प्रवाहाच्या शॉर्टसर्किटने आग लागू शकते; म्हणून धन वायरवर पुरवठ्याजवळ फ्यूज बसवावा. २० अँपिअर प्रवाह २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमधून दोन मीटर नेऊन परत आणल्यास सुमारे अर्धा व्होल्ट वाया जातो, त्यामुळे वायर जाड व आखूड असावी.

२३० व्होल्टची टोके झाकलेली व धातूचे आवरण अर्थिंगला जोडलेले असणे आवश्यक आहे. कोल्हापुरातील मंगळवार पेठेसारख्या जुन्या वस्तीतील घराचे वायरिंग जुने असल्यास अर्थिंग आधी तपासून घ्यावे. पर्याय म्हणून मोटारीची बॅटरी घरात ठेवल्यास चार्जिंगच्या वेळी ज्वलनशील हायड्रोजन बाहेर पडतो. त्यामुळे खोली हवेशीर ठेवावी लागते.