पुढचा ब्रेक उजव्या हातालाच का?

इस्लापूरच्या बाजारात उभी असलेली कुठलीही सायकल घ्या, उजव्या हाताचा ब्रेक दाबा आणि ती पुढे ढकला. पुढचं चाक जागीच थांबेल, मागचं चाक जरासं वर उचललं जाईल. किनवट, हिमायतनगर, नांदेड, कुठेही करून बघा, हेच होईल. लंडन आणि टोकियोतही हाच रिवाज. न्यूयॉर्क किंवा बर्लिनमध्ये मात्र उजवा ब्रेक दाबला की थांबतं ते मागचं चाक, कारण तिथे पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो.

गंमत म्हणजे हे नुसत्या सवयीवर सोडलेलं नाही. ब्रिटनच्या २०१० च्या नियमांत नव्या सायकलीचा उजवा लिव्हर पुढच्या ब्रेकचाच हवा असं लिहिलं आहे. अमेरिकेतला नियम १९७० च्या दशकातला आणि नेमका उलटा: डावा पुढचा, उजवा मागचा. गिऱ्हाइकाने वेगळं मागितलं तर मात्र दुकानदाराला बदलून देता येतं. सायकलींच्या आंतरराष्ट्रीय मानकाने, म्हणजे आयएसओ ४२१० ने, या भांडणात बाजूच घेतली नाही. ज्या देशात सायकल विकायची तिथला कायदा किंवा रिवाज पाळा आणि कुठला लिव्हर कुठल्या चाकाचा ते माहितीपत्रकात छापा, एवढंच ते सांगतं.

वळताना कुठला हात रिकामा?

या वाटणीचं सर्वांत पटणारं कारण रस्त्यावर सापडतं. आपण डाव्या बाजूने चालतो. उजवीकडे वळताना समोरून येणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रकच्या वाटेतून आडवं जावं लागतं, म्हणून उजवा हात बाहेर काढून इशारा द्यायचा असतो. त्या क्षणी हँडलवर उरतो एकटा डावा हात. एका हाताने सायकल सावरत असताना पुढचा ब्रेक कचकन लागला तर हँडल फिरून तोल जातो. मागचा लागला तर फार तर चाक घसटतं. म्हणून डाव्या हाताला मागचा ब्रेक. अमेरिका आणि जर्मनीत वाहतूक उजवीकडून, तिथे इशाऱ्याला डावा हात बाहेर जातो आणि सगळं उलटं होतं.

शेल्डन ब्राउन नावाचा एक अमेरिकन मेकॅनिक होता. सायकलीबद्दल त्याने आयुष्यभर लिहिलं, २००८ साली तो गेला. त्याचं म्हणणं असं की खरा थांबवणारा ब्रेक पुढचा, तेव्हा तो ताकदीच्या आणि सफाईच्या हाताला द्यावा. अमेरिकेत उजव्या हाताने कामं करणाऱ्याला यामुळे पेच पडतो, कारण रिवाज एक सांगतो आणि हात दुसरं. आपल्याकडे दोन्ही मुद्दे एकाच बाजूला येतात. जोरकस उजवा हात पुढच्या ब्रेकला, इशाऱ्याच्या वेळी उरणारा डावा हात मागच्या ब्रेकला. उद्या पोरगं मोटारसायकलवर बसलं तरी तिथेही पुढचा ब्रेक उजव्याच हाताला. मोटारसायकलीत तो जगभर उजवीकडेच असतो. इतकी सोयीची वाटणी नशिबाने मिळालेली असताना ती मोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट गावाकडच्यांनाच चटकन कळेल. कॅरिअरवर ज्वारीचं पोतं आहे, सायकल हातात धरून चालत नेताय. तुम्ही सायकलीच्या डाव्या बाजूला असता, उजवा हात पोत्यावर आणि डावा हँडलवर. उतार लागला की डाव्या हाताखाली नेमका मागचा ब्रेक. ओझं मागच्या चाकावर असल्याने त्या वेळी तोच चांगला धरतो.

पुढच्या ब्रेकची बदनामी

‘पुढचा मारला की तोंडावर पडतो’ हे वाक्य ऐकतच आपण सायकल शिकलो. या भीतीला इतिहास आहे. १८७० च्या दशकात विलायतेत पुढचं चाक माणसाएवढं आणि मागचं वितीएवढं अशी सायकल होती, पेनी-फार्दिंग. स्वार जवळजवळ पुढच्या चाकाच्या डोक्यावर बसायचा. चाक अडलं की तो थेट पुढे जमिनीवर. १८८५ मध्ये स्टार्ली नावाच्या इंग्रज कारखानदाराची ‘रोव्हर’ सायकल आली, दोन्ही चाकं जवळपास सारखी झाली, माणूस मधे बसला आणि तो धोका खूप कमी झाला. भीती मात्र राहिली.

या भीतीपोटी काही जण पुढच्या ब्रेकची वायर तुटली तर नवी टाकतच नाहीत. हे घातक आहे, आणि हिशेब करून बघितलं की लगेच कळतं. ब्रेक लागला की अंगाचा भार पुढे सरकतो. पुढचं चाक जमिनीवर दाबलं जातं, मागचं हलकं होतं, आणि हलकं चाक लवकर घसरतं. कोरडा डांबरी रस्ता, वेग ताशी २० किलोमीटर, ब्रेक चांगले. नुसत्या मागच्या ब्रेकवर थांबायला साधारण सहा मीटर लागतात. पुढचाही नीट दाबला तर साधारण तीन. आडवी आलेली शेळी वाचते की नाही, ते या तीन मीटरवर ठरतं. ब्रेक दाबताना कोपर ताठ करून अंग मागे सरकवलं की तोंडावर पडण्याची भीतीही बरीच ओसरते.

अपवाद आहेत, आणि ते आपल्याच वाटेवर आहेत. मुरमाच्या वळणावर पुढचं चाक घसरलं तर सावरता येत नाही, तिथे पुढचा ब्रेक हलक्या हाताने. पावसात जुन्या लोखंडी रिमवर ब्रेकचं रबर धरतच नाही, दोन्ही ब्रेक असून थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं. पैनगंगा भरली की सहस्रकुंडाचा धबधबा बघायला सायकलवर निघणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं. ओल्या उतारावर ब्रेक आधीच हलके दाबत राहावेत, म्हणजे रिमवरचं पाणी पुसलं जातं. काळ्या रानातला चिखल ब्रेकमध्ये अडकला तर आधी काडीने काढावा, मगच सायकलवर बसावं.

स्कूटीवाल्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागणारी व्यवस्था, नाहीतर एबीएस, सक्तीची आहे. त्यामुळे त्यांतल्या बहुतेक स्कूटरवर नुसता डावा लिव्हर दाबला तरी थोडा पुढचा ब्रेक आपोआप लागतो. साध्या सायकलीत ही सोय नसते. आईच्या स्कूटीवर हात बसलेली मुलगी शाळेच्या सायकलवर डावाच ब्रेक दाबत राहते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. सायकल हातात पडेल त्या दिवशीच उजवा ब्रेक दाबायला शिकवावं.

बदलायचाच असेल तर?

डावखुऱ्याने किंवा उजव्या हातात जोर कमी असलेल्याने खुशाल बदलावा. वायरच्या ब्रेकला मेकॅनिकला थोडाच वेळ लागतो. वायर कुठे फार वळत नाही ना एवढं बघायचं, कारण वळण जास्त की ब्रेक जड. तेलाच्या डिस्क ब्रेकला हे काम जिकिरीचं, नळीत हवा शिरली तर ती काढावी लागते. जुन्या काळ्या सायकलीच्या रॉड ब्रेकचा नाद सोडावा. दोन सळ्या दोन बाजूंनी जातात, त्यांची अदलाबदल होत नाही. एक हात चालतच नसेल तर एकाच लिव्हरवर दोन्ही वायरी ओढणारा ब्रेक मिळतो. आणि घरातली सायकल बाप, लेक, शेजारी सगळेच वापरत असतील तर बदलू नये. घाईच्या क्षणी बोटं विचार करत नाहीत, सवयीनेच दाबतात.

वेदांगी कुलकर्णी या पुण्याच्या मुलीने २०१८ मध्ये सायकलवरून जगाला फेरी मारली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये रस्त्याची डावी बाजू, कॅनडा-युरोपात उजवी, भारतात पुन्हा डावी. रस्त्याची बाजू अशी देशागणिक बदलते, पण त्यापायी कुणी दर सीमेवर ब्रेक बदलत नाही.

पुण्यात बालेवाडीला, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या संकुलात, सायकल शर्यतींचा वेलोड्रोम आहे. ट्रॅकवरच्या त्या सायकलींना ना उजवा ब्रेक ना डावा. चाकाबरोबर पॅडल सतत फिरत राहतं, आणि वेग कमी करायचा तर पायानेच त्याला रोखावं लागतं.