मागची गाडी रिकामी येतेय

गणपतीच्या आधीचा शनिवार. चिपळूणची गाडी फलाटाला लागायच्या आतच खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, पेपर पडू लागले. एका गृहस्थांनी तर पायातली चप्पल काढून सीटवर टाकली. दारापाशी रांग होती, पण ती रुमाल न टाकलेल्यांची. तिच्यात मी दहावा. आपल्या लोकांना शिस्त म्हणून नाही, यावर मागच्या काकांशी माझं एकमत होत असतानाच खिडकीतून भाचा ओरडला, "मामा, या, जागा धरलीय!" मी गेलो. शिस्तीचा विषय काकांपाशीच राहिला.

या घुसखोरीवर प्रयोग झालेला आहे. स्टॅन्ली मिलग्रॅम हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी यांनी न्यूयॉर्कमध्ये रेल्वेच्या तिकीट खिडक्या वगैरे ठिकाणच्या १२९ रांगांमध्ये मुद्दाम माणसं घुसवली. बरोबर तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे. १९८६ साली निष्कर्ष छापून आले. एकटाच घुसला तर साधारण निम्म्या रांगांत कुणीतरी हटकलं. दोघं घुसले, तर दहापैकी नऊ रांगांत. हटकणारे बहुतेक मागचे. नियम मोडल्याचाच राग असता, तर पुढच्यांनाही तो यायला हवा होता. त्यांची पाठ असते हे खरं, पण त्यांचा नंबरही जात नसतो.

घुसणाऱ्याच्या लगेच मागचा माणूस हा त्या जागेचा राखणदार. तो गप्प बसला की त्याच्या मागचेही सहसा गप्प बसतात. ओळखीचा असेल, आपल्याला काय! आणि घुसायला पाठवलेल्यांपैकी काही जण धीर गोळा करत अर्धा अर्धा तास घुटमळले. कुणाचा चेहरा पांढरा पडला, कुणाला मळमळलं. माझ्या भाच्याला असलं काही झाल्याचं स्मरत नाही. अर्थात तो स्वतःसाठी थोडाच घुसला होता? मामासाठी घुसला होता. घरच्यांसाठी घुसणं याला आपण घुसणं म्हणतच नाही.

लोकलमध्ये तर माणसाची बाजू काही मिनिटांतच बदलते. संध्याकाळी दादरला फलाटावरून एक जण ओरडत असतो, "अहो, आत सरका, मधे मोकळं आहे!" घाटकोपर येतं तेव्हा तोच दारात हात आडवा धरून म्हणत असतो, "कुठे चढताय? मागची गाडी रिकामी येतेय." दोन्ही वेळा तो मनापासून बोलतो. फलाटावरून सीटांमधली मोकळी जागा दिसते. दारात उभं राहिलं की फक्त बरगडीत रुतलेलं कोपर कळतं. मागची गाडी रिकामी आहे हे त्याला कुणी सांगितलं, ते मात्र विचारू नये.

आमच्या गाडीत ते काका शेवटी चढलेच. उभ्याने. त्यांनी धरलेला दांडा नेमका माझ्या डोक्यावर होता. पनवेलपर्यंत मी डोळे मिटून होतो. झोप आली नव्हती.