लाइट आली, सर्व्हर सुरू झाला, पण रक्तदात्यांची यादी उघडेना

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथं रुग्णालय काढलं, आजही सांगली-कोल्हापूरसह कर्नाटकातून पेशंट येतात. म्हणून आम्ही काही जणांनी रक्तदात्यांची यादी एका जुन्या संगणकावर ठेवली. तोच आमचा सर्व्हर, त्यावर लिनक्स.

एका रात्री लाइट गेली, यूपीएसही संपला. फजरच्या आधी फोन, "भाई, यादी उघडत नाही, बी निगेटिव्ह पाहिजे." अल्हम्दुलिल्लाह, जुन्या वहीतून एक दाता मिळाला. पण झोप उडाली ती उडालीच.

संगणक मात्र चालू होता. लाइट आली की आपोआप चालू व्हायची सोय आम्ही बायोसमध्ये आधीच केली होती. हातानं सेवा सुरू केली तर लगेच चालली! मग बूट होताना का नाही?

पहिला संशय नेहमीचा. सेवा 'स्टार्ट' करणं म्हणजे आत्ता चालू करणं, आणि 'एनेबल' करणं म्हणजे दर बूटला चालू कर असं सांगून ठेवणं. पुष्कळ जण पहिलं करतात, दुसरं विसरतात. आमचं एनेबल होतं. मग 'सिस्टिमसीटीएल स्टेटस'नं सेवेची अवस्था पाहिली आणि 'जर्नलसीटीएल'ला 'बी' जोडून फक्त या बूटची नोंद काढली. तिथं सरळ लिहिलं होतं की जो पत्ता सेवेला हवा तो यंत्राकडे अजून नाहीच.

लाइट आली तेव्हा राउटरही नव्यानं उठत होता. आमचा सर्व्हर पत्ता त्याच्याकडूनच घेतो. राउटर अर्धवट झोपेत असताना सेवा पत्ता मागून मोकळी! वर पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला सांगितलं होतं, पण मध्ये थांबायला नाही. सिस्टिमडी दहा सेकंदांत पाच वेळा सुरू करून पाहतो आणि मग सोडून देतो. पाचही प्रयत्न डोळ्याची पापणी लवायच्या आत संपले.

सेवेच्या फाइलमध्ये 'आफ्टर' पुढं 'नेटवर्क डॉट टार्गेट' होतं. नाव फसवं आहे. नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला, एवढाच त्याचा अर्थ. पत्ता मिळाला असा नाही. त्यासाठी 'नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट' लागतो, आणि तो 'आफ्टर'बरोबर 'वॉन्ट्स'मध्येही लिहावा लागतो. पहिलं फक्त क्रम ठरवतं, दुसरं त्याला बोलावून आणतं. (यात आमचा एक तास गेला.)

पण ऑनलाइन होण्याची वाट पाहणंही ठरावीक वेळानं संपतं, राउटर त्याहून आळशी निघाला तर? म्हणून 'रिस्टार्ट सेक' पंधरा सेकंद केलं. आता दहा सेकंदांत पाच प्रयत्न होतच नाहीत, त्यामुळे सेवा हार मानत नाही. ठरावीक पत्त्याऐवजी सगळ्या पत्त्यांवर ऐकायला सांगितलं असतं तरी भागलं असतं, पण मग फायरवॉल कडक हवी. यादीत लोकांचे नंबर आहेत.

नुसतं रीबूट करून तपासू नका. त्यात राउटर जागाच असतो आणि सगळं छान दिसतं. जुम्यानंतर आम्ही मेन स्विचच पाडला, दोन्ही यंत्रं बंद, मग परत चालू. पहिला प्रयत्न फसला, दुसराही. तिसऱ्याला यादी उघडली. वही मात्र अजून कपाटातच आहे, फेकलेली नाही.