‘गोळ्या उष्ण पडतात’ : अपस्मारावरील औषधांचे दुष्परिणाम, गैरसमज आणि वस्तुस्थिती

मेंदूतील चेतापेशींचे विद्युत्-संदेश अचानक, एकाच वेळी आणि प्रमाणाबाहेर सुटू लागले की फिट येते. ताप, ताजी दुखापत किंवा रक्तातील साखर घसरणे असे तात्कालिक कारण नसतानाही अशा फिट पुन्हा पुन्हा येण्याची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार, ज्याला बोलीत आकडी, फेफरे किंवा मिरगी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि योग्य निदान व नियमित औषध मिळाले तर त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटविना जगू शकतात. ही औषधे चेतापेशींची भडकण्याची क्षमता कमी करून फिट थोपवतात. पण झोप, तोल, स्मरण आणि मनःस्थिती यांचा कारभारही याच मेंदूकडे असल्यामुळे औषधाचा थोडाफार परिणाम त्या कारभारावर होणे स्वाभाविक आहे. हा परिणाम दडवून ठेवला, किंवा त्याला कंटाळून गोळ्या परस्पर बंद केल्या, की उपचार फसतो, आणि या दोन्ही गोष्टींमागे बहुतेक वेळा काही ठरावीक समजुती असतात.

पहिली अडचण भाषेपासूनच सुरू होते, कारण ‘साईड इफेक्ट’ या एकाच शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. पहिला प्रकार मात्रेवर अवलंबून असणाऱ्या परिणामांचा, म्हणजे झोप, चक्कर, डोळ्यांपुढे एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा हात कापणे. मात्रा कमी केली किंवा विभागली की हे परिणाम उतरतात. दुसरा प्रकार शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेने औषधाला दिलेल्या विपरीत प्रतिसादाचा, ज्यात मात्रा कितीही लहान असली तरी उपयोग नसतो आणि औषधच थांबवावे लागते. तिसरा प्रकार वर्षानुवर्षांच्या सेवनानंतर सावकाश दिसणारा, जसे हाडांतील घनता कमी होणे, वजन वाढणे किंवा हिरड्या सुजून वाढणे. कोणता त्रास कोणत्या प्रकारात मोडतो हे कळल्याशिवाय तो सोसावा, कमी करावा की तातडीने रुग्णालय गाठावे हे ठरवता येत नाही.

महाराष्ट्रात सर्वाधिक कानी पडणारी तक्रार म्हणजे ‘या गोळ्या उष्ण पडतात’. तोंड येणे, अंगावर पुरळ उठणे, केस गळणे, लघवीला जळजळ होणे, या सर्वांचा उगम एकाच उष्णतेत शोधला जातो आणि मग गोळीबरोबर ताक, सब्जा किंवा गुलकंद सुरू होतो. या पदार्थांनी सहसा अपाय होत नाही. अपाय होतो तो ‘उष्णता’ या एका शब्दाखाली भिन्न कारणे झाकली गेल्यामुळे. सोडियम व्हॅल्प्रोएटने गळणारे केस मात्रा कमी केल्यावर बहुधा पुन्हा उगवतात, कधी पूर्वीपेक्षा कुरळे. त्याचा पुरळाशी काहीही संबंध नसतो. टोपिरामेट आणि झोनिसामाइड ही औषधे मात्र खरोखरच घाम कमी करतात, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, विशेषतः लहान मुलांमध्ये, अंग तापणे आणि ताप चढणे हे प्रत्यक्ष घडू शकते. याच दोन औषधांनी मूतखड्याचा धोकाही वाढतो. अशा रुग्णाने भरपूर पाणी पिणे आणि भर दुपारचे ऊन टाळणे आवश्यक असते. लोकसमजुतीतील शब्द येथे वस्तुस्थितीच्या अगदी जवळ येतो, पण तो दोनच औषधांपुरता.

‘गोळ्या सुरू झाल्या की माणूस कायमचा मंद होतो’ ही दुसरी समजूत पहिल्या काही आठवड्यांच्या अनुभवावर उभी आहे. कार्बामाझेपिन या औषधाची गंमत अशी की ते स्वतःच्याच विघटनाला वेग देते, म्हणजे यकृतातील जी विकरे हे औषध मोडतात त्यांचे प्रमाण औषधामुळेच वाढत जाते आणि साधारण ३ ते ५ आठवड्यांत शरीर त्याला सरावते. सुरुवातीची गुंगी त्यानंतर पुष्कळ कमी होते, आणि म्हणूनच मात्रा हळूहळू चढवली जाते. त्रास कोणत्या वेळी होतो हेही निर्णायक ठरते. गोळी घेतल्यानंतर तास-दोन तासांनी चक्कर येऊन समोरच्या भिंतीवरच्या एका घड्याळाची दोन दिसत असतील आणि दुपारपर्यंत सर्व पूर्ववत होत असेल, तर तो रक्तातील पातळी एकदम उंच गेल्याचा परिणाम असतो. औषध सावकाश सोडणारी गोळी देऊन किंवा तीच मात्रा दिवसात विभागून तो टाळता येतो. म्हणून ‘गोळी सोसत नाही’ एवढेच सांगण्यापेक्षा गोळीची वेळ आणि त्रासाची वेळ चार दिवस कागदावर टिपून नेणे डॉक्टरांना कितीतरी अधिक उपयोगी पडते. सावकाश सोडणारी गोळी कुटून किंवा चावून घेतली तर तिची रचनाच मोडते, हेही येथेच लक्षात ठेवावे.

फिनिटॉइनच्या बाबतीत एका गैरसमजाची किंमत फार मोठी असते, तो म्हणजे ‘एक गोळी जास्त घेतली तर थोडासाच फरक पडेल’. मेरिट आणि पटनम यांनी १९३८ मध्ये प्रचारात आणलेले हे औषध स्वस्त आणि प्रभावी असल्याने भारतात आजही मोठ्या प्रमाणावर दिले जाते. परंतु ते मोडणारी यकृतातील यंत्रणा एका मर्यादेनंतर भरून जाते, आणि तिथून पुढे मात्रेतील लहानशी वाढही रक्तातील पातळी झपाट्याने चढवते. दिवसाला ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्या व्यक्तीने १०० मिलिग्रॅमची एक गोळी वाढवली तर पातळी दुप्पट होऊ शकते. अपेक्षित पातळी साधारणपणे एका मिलिलीटर रक्तद्रवात १० ते २० मायक्रोग्रॅम असते. ती ओलांडली की प्रथम बुबुळे आपोआप हलू लागतात, मग बोलणे जड होते आणि पावले फाकून पडतात, आणि गावात अशा माणसाला ‘पिऊन आला’ असे म्हटले जाते. एका रक्ततपासणीने उलगडणाऱ्या गोष्टीसाठी आजारी माणसाला असा बट्टा लागावा, ही फार क्लेशकारक बाब आहे. याच औषधाने हिरड्या वाढून दातांवर येतात, ही नोंद १९३९ मध्येच झाली. दात रोज नीट घासणे आणि दंतवैद्याकडून वेळोवेळी स्वच्छता करून घेणे यांनी ही वाढ बरीच आटोक्यात राहते.

आतापर्यंतच्या त्रासांत घाई न करण्याचा सल्ला योग्य ठरतो. अंगावरील पुरळाच्या बाबतीत मात्र तोच सल्ला घातक ठरू शकतो. ‘उष्णतेचे आहे, दोन दिवसांत बसेल’ असे म्हणून काढलेले ते दोन दिवसच जिवावर बेतू शकतात. कार्बामाझेपिन, फिनिटॉइन, फिनोबार्बिटल आणि लॅमोट्रिजिन या औषधांनी क्वचित स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम नावाचा विकार होतो, ज्यात पुरळाबरोबर ताप येतो, ओठ व तोंडाची आतली त्वचा सोलवटते, डोळे लाल होऊन चिकटू लागतात आणि त्वचेवर फोड धरतात. त्याचा धोका मुख्यतः औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या ८ आठवड्यांत असतो. या काळात पुरळ दिसताच पुढच्या गोळीची वेळ होण्यापूर्वी डॉक्टरांशी संपर्क साधावा, आणि ताप असेल किंवा तोंड-डोळे पकडले असतील तर थेट रुग्णालयात जावे. तिथे संशयित औषध थांबवून त्याऐवजी दुसरे संरक्षण दिले जाते. तैवानमधील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले की एचएलए-बी*१५०२ हा जनुकप्रकार असलेल्यांना कार्बामाझेपिनमुळे हा विकार होण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते, आणि अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००७ मध्ये आशियाई वंशाच्या रुग्णांत आधी ही तपासणी करण्याचा सल्ला दिला. लॅमोट्रिजिनची मात्रा इतकी सावकाश चढवण्यामागेही हेच कारण आहे: प्रौढांना बहुधा रोज २५ मिलिग्रॅमपासून दोन आठवडे, आणि सोबत व्हॅल्प्रोएट चालू असेल तर एक दिवसाआड, कारण व्हॅल्प्रोएट लॅमोट्रिजिनचे विघटन रोखते. हे औषध काही दिवस बंद पडले असेल तर पुन्हा एकदम पूर्ण मात्रा सुरू करू नये, ही सूचना घरातील प्रत्येकाला ठाऊक असावी.

‘वर्षानुवर्षे गोळ्या घेतल्याने किडनी निकामी होते’ ही धास्ती औषध शरीराबाहेर कसे जाते यासंबंधीच्या गोंधळातून येते. लेव्हेटिरासिटामचा मोठा भाग मूत्रावाटे बाहेर पडतो, म्हणून मूत्रपिंड अशक्त असेल तर मात्रा कमी ठेवावी लागते. पण याचा अर्थ हे औषध मूत्रपिंड बिघडवते असा होत नाही. यकृताची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण व्हॅल्प्रोएटने क्वचित गंभीर यकृतविकार होतो आणि २ वर्षांखालील मुलांत तो धोका जास्त असतो. सतत उलट्या, विलक्षण सुस्ती किंवा कावीळ दिसल्यास तातडीने तपासणी करणे त्यामुळेच गरजेचे ठरते. कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन रक्तातील सोडियम कमी करतात, विशेषतः वयस्कर व्यक्तींमध्ये, आणि आजोबांचे अचानक गोंधळून बोलणे हे वयाचे नसून सोडियमचे असू शकते.

मनावर आणि भाषेवर होणारे परिणाम सर्वांत कमी बोलले जातात. लेव्हेटिरासिटाम सुरू झाल्यावर काहींना चिडचिड, संताप किंवा खिन्नता येते आणि घरचे ‘स्वभावच बदलला’ असे म्हणून दुरावतात. टोपिरामेट घेणाऱ्याला भाजीवाल्यापुढे उभे राहून कोथिंबिरीची जुडी डोळ्यांना दिसते, हाताने दाखवता येते, पण ‘कोथिंबीर’ हा शब्द काही केल्या ओठांवर येत नाही. व्हॅल्प्रोएटने हात कापून चहा बशीत सांडतो, तो घाबरटपणा नव्हे. हे सर्व औषधाचे ज्ञात परिणाम आहेत आणि मात्रा किंवा औषध बदलून बहुधा सुधारतात. आत्महत्येचे विचार आले तर मात्र पुढील तारखेची वाट पाहू नये. त्याचबरोबर, वारंवार येणाऱ्या फिट स्वतःच स्मरणशक्तीवर आणि मनःस्थितीवर आघात करतात, म्हणून प्रत्येक विसरणे गोळीच्या माथी मारणेही बरोबर नाही.

‘इंग्रजी औषधाला साईड इफेक्ट असतात, जडीबुटीला नसतात’ या विश्वासावर मोठा बाजार चालतो. हमखास गुण येईल असे सांगून विकल्या गेलेल्या अशा पुड्यांमध्ये फिनोबार्बिटल मिसळलेले आढळल्याची प्रकरणे भारतात नोंदली गेली आहेत. १९१२ पासून वापरात असलेले हे औषध मात्रा न कळता पोटात जाते आणि पुडी संपल्यावर एकाएकी तुटते. दुसरीकडे, साध्या वाटणाऱ्या इतर औषधांचा विचारच होत नाही. घशासाठी दिलेले एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन कार्बामाझेपिनची पातळी चढवते. क्षयरोगावरील आयसोनियाझिड फिनिटॉइन आणि कार्बामाझेपिन दोन्हींची पातळी वाढवते. म्हणून दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना फिटच्या गोळीची पट्टी खिशात असलेली बरी. उपवासाला गोळी चालत नाही, ही समजूतही सोडायला हवी. उपाशीपोटी जागरण आणि त्यात चुकलेली मात्रा हे फिटला थेट निमंत्रण असते.

गोळ्या एकदम बंद केल्यास दबलेली उत्तेजना उसळून येते आणि ५ मिनिटांपेक्षा जास्त चालणारी, किंवा शुद्ध न येता एकामागून एक येणारी फिट सुरू होऊ शकते, जी जीवघेणी ठरू शकते. मात्र ‘एकदा सुरू झालेल्या गोळ्या जन्मभर सुटत नाहीत’ हेही सरसकट खरे नाही. किमान दोन वर्षे फिट नसलेल्या १०१३ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषध सावकाश बंद केलेल्यांपैकी ५९ टक्के आणि चालू ठेवलेल्यांपैकी ७८ टक्के रुग्ण पुढील दोन वर्षे फिटमुक्त राहिले. औषध थांबवण्याचा विचार करता येतो, पण त्यातील जोखीम डॉक्टरांबरोबर मोजून आणि कित्येक महिन्यांत मात्रा उतरवत.

या सर्व समजुतींचा सर्वाधिक भार स्त्रियांवर पडतो. लग्न ठरताना आजार लपवला जातो, सासरी गेल्यावर गोळीची पट्टी डब्यांच्या मागे दडते, मात्रा चुकतात, आणि दुष्परिणामांची तक्रार करायची तर आजारच उघड करावा लागतो. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांतील अपस्मारासंबंधीची अट १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आली, ही गोष्ट अनेक घरांत अद्याप पोहोचलेली नाही. कार्बामाझेपिन, फिनिटॉइन आणि फिनोबार्बिटल यांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी होतो, हेही पुष्कळ जणींना कोणी सांगत नाही. गर्भारपणात सर्वच औषधे सारखी घातक असतात असे नाही: व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या १०० पैकी सुमारे १० बाळांत जन्मजात व्यंग आणि ३० ते ४० मुलांत विकासाच्या अडचणी आढळतात, तर लॅमोट्रिजिन व लेव्हेटिरासिटाम यांचा धोका पुष्कळ कमी आहे. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून अशा गर्भवतींची नोंद ठेवली जाते, आणि अपस्मार असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना निरोगी मुले होतात हेच तेथील अनुभवातूनही दिसते. औषधातील बदल मात्र गर्भ राहण्यापूर्वी काही महिने करावा लागतो आणि फोलिक आम्लही तेव्हापासूनच सुरू करावे लागते. त्यासाठी ती डब्यामागची पट्टी नवऱ्यासमोर आणि डॉक्टरांच्या टेबलावर उघडपणे यायला हवी.