'क' अक्षराने सुरू होणारी सपुष्प वनस्पतींची मराठी नावे

मराठीत 'क' या अक्षराने सुरू होणारी सपुष्प वनस्पतींची नावे पुष्कळ आहेत. कमळ, कण्हेर, करवंद, कळलावी, कदंब, कारवी, कुडा, कुर्डू व कोरांटी ही त्यांपैकी परिचित नावे होत. वर्णक्रमाने लावलेल्या सूचीत ही नावे शेजारी येतात. परंतु त्या वनस्पतींचे एकमेकींशी नाते असेलच असे नाही. काही वेळा मात्र हे नाते अनपेक्षितपणे जवळचे निघते. एकच नाव दोन वनस्पतींना लागणे किंवा दोन नावे उच्चाराने सारखी असणे, हेही या सूचीत वारंवार आढळते. यांतील काही वनस्पती औषधी, काही खाद्य, तर काही प्राणघातक आहेत. त्यामुळे नावाची गल्लत निरुपद्रवी राहत नाही.

नावांची घडण

मराठी वनस्पतिनामांत गुणवाचक शब्द आरंभी जोडण्याची रीत आहे. 'कडू', 'काटे' व 'काळा' हे तिन्ही शब्द 'क'पासून सुरू होत असल्यामुळे कडुनिंब, काटेसावर, काटेकोरांटी, काटेरिंगणी, काळा कुडा अशी नावे या अक्षराखाली जमा झाली आहेत. कढीलिंब हे नाव मात्र 'कढी'वरून आले आहे. कडुनिंब आणि कढीलिंब यांची नावे व संयुक्त पाने वरवर सारखी भासली, तरी कुले वेगळी आहेत. कडुनिंब हा महोगनीच्या मेलिएसी कुलातील वृक्ष असून त्याच्या पर्णिकांच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात. कढीलिंब हा लिंबू-संत्र्यांच्या रूटेसी कुलातील असून पान चुरगाळताच येणाऱ्या वासावरून ओळखता येतो. त्याच्या नावातील 'लिंब' कुलाच्या दृष्टीनेही योग्य ठरतो, हा केवळ योगायोग.

कण्हेर, करवंद, कुडा आणि कंदीलपुष्प

या चार वनस्पती ॲपोसायनेसी, म्हणजे करवीर कुलातील आहेत. 'करवीर' हे कण्हेरीचेच संस्कृत नाव. त्या अर्थाने कुलाचे मराठी नावही 'क'पासूनच सुरू होते. खोड किंवा पान तोडल्यास पाझरणारा चीक हे या कुलाचे सर्वसाधारण लक्षण आहे.

कण्हेर (नेरियम ओलिअँडर) बागांत आणि महामार्गांच्या दुभाजकांवर लावली जाते, कारण गुरे सहसा तिला तोंड लावत नाहीत. पाने अरुंद, चिवट आणि बहुधा तीन-तीनच्या मंडलात असतात. मूळ, साल, पाने, फुले व बिया असे सर्व भाग विषारी असून त्यांतील ओलिअँड्रिन हे द्रव्य हृदयाची लय बिघडवते. पिवळी कण्हेर किंवा बिट्टी (कॅस्काबेला थेव्हेशिया) ही मूळची अमेरिका खंडातील, वेगळ्या प्रजातीची वनस्पती आहे. तिची फुले पिवळी व नरसाळ्यासारखी असतात. तिच्या कठीण बिया लहान मुले खेळायला वेचतात. त्याही हृदयावर घातक परिणाम करतात. म्हणजे 'कण्हेर' हे नाव दोन वनस्पतींना लागले असले, तरी धोका दोन्हींत सारखाच आहे.

करवंद (कॅरिसा कॅरँडस) याच कुलातले. 'डोंगरची काळी मैना' म्हणून विकली जाणारी त्याची पिकलेली फळे आवडीने खाल्ली जातात आणि कच्च्या फळांचे लोणचे घालतात. कच्च्या करवंदाचा चीक बोटांना चिकटतो, तोच त्याच्या कुलाची साक्ष देतो.

नावाचा सर्वांत मोठा गोंधळ कुड्याच्या बाबतीत आहे. पांढरा कुडा (होलॅऱ्हेना प्युबेसेन्स) म्हणजे आयुर्वेदातील कुटज. त्याच्या सालीत कोनेसीन हे अल्कलॉइड असते. अतिसारावर दिले जाणारे कुटजारिष्ट याच सालीपासून बनते. त्याच्या बियांना कडू इंद्रजव म्हणतात. कोकणात त्याच्या फुलांची व कोवळ्या शेंगांची भाजी केली जाते. काळा कुडा (रायटिया टिंक्टोरिया) हा याच कुलातील पण वेगळ्या प्रजातीचा वृक्ष असून त्याच्या बिया गोड इंद्रजव या नावाने ओळखल्या जातात. त्याच्या पानांपासून निळा रंग मिळतो. कुटजाच्या सालीत काळ्या कुड्याच्या सालीची भेसळ होते आणि वाळलेल्या सालीवरून ती ओळखणे अवघड असते. झाडावर मात्र फरक स्पष्ट दिसतो. काळ्या कुड्याच्या फुलाच्या मध्यभागी झालरीसारखे खवले असतात. पांढऱ्या कुड्यात ते नसतात. दोघांच्याही शेंगा जोडीने लोंबतात, पण काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोके सुरुवातीस एकमेकींना चिकटलेली असतात, तर पांढऱ्या कुड्याच्या मोकळ्या असतात.

हा गोंधळ केवळ लोकभाषेतला नाही. पांढऱ्या कुड्याला दीर्घकाळ 'अँटिडिसेंटेरिका', म्हणजे अतिसारनाशक, हे गुणदर्शक जातिनाम लावले जात होते. आज ते नाव रायटिया प्रजातीतील, श्रीलंकेतील एका शोभेच्या झुडपाकडे गेले आहे.

कंदीलपुष्प (सेरोपेजिया) या प्रजातीच्या अनेक जाती सह्याद्रीत आढळतात आणि त्यांपैकी काही अन्यत्र कोठेही सापडत नाहीत. फुलाची नळी तळाशी फुगीर असते व आतील केस खाली वळलेले असतात. आत शिरलेल्या लहान माश्या अडकतात आणि केस सुकल्यावर परागपुंज घेऊन बाहेर पडतात. ही प्रजाती पूर्वी रुईच्या वेगळ्या कुलात गणली जात असे. आता ते कुल करवीर कुलात समाविष्ट झाले आहे.

कळलावी

कळलावी (ग्लोरिओसा सुपर्बा) ही कॉल्चिकेसी कुलातील पावसाळी वेल. पानाचे टोक लांब होऊन त्याचा ताण बनतो व त्याच्या आधारे ती चढते. फुलाच्या नागमोडी कडांच्या पाकळ्या आरंभी हिरवट, मग पिवळ्या आणि शेवटी लाल होतात, म्हणून तिला अग्निशिखा असेही नाव आहे. तिचा कंद नांगराच्या आकाराचा असल्याने संस्कृतात ती 'लांगली' झाली. मराठी नाव मात्र तिच्या वापरावरून आले. परंपरेने तिच्या कंदाचा उपयोग प्रसूतीची कळ आणण्यासाठी केला जात असे. भांडण लावणारा 'कळलाव्या' आणि ही वनस्पती यांची नावे उच्चाराने जवळची असली, तरी येथील 'कळ' वेदनेची आहे.

कंद व बियांत कॉल्चिसीन असते. गाउट या संधिविकारावर ते मोजक्या मात्रेत दिले जाते. मात्रा वाढल्यास पेशीविभाजन थांबते. उलट्या-जुलाबांनंतर अस्थिमज्जेला इजा होऊन मृत्यू ओढवू शकतो. करांदा, कणगर यांसारख्या खाद्य कंदांच्या वेलीही पावसाळ्यातच वाढतात आणि कळलावीचा कंद खाद्य समजून खाल्ल्याने विषबाधा होते. करांद्याच्या पानांना टोकाशी ताण नसतात, ही खूण कंद खणण्यापूर्वीच पाहता येते. कळलावी तमिळनाडूचे राज्यपुष्प असून तेथे बियांसाठी तिची लागवडही होते.

कमळ व कुमुद. कुर्डू व कोंबडा

कमळ (नेलुंबो न्यूसिफेरा) आणि कुमुद (निंफिया) एकाच तळ्यात वाढतात व पूर्वी एकाच कुलात ठेवले जात. रेणवीय अभ्यासानंतर ते दूर गेले. कुमुद सपुष्प वनस्पतींच्या अगदी आरंभीच्या शाखांपैकी एका शाखेत येते. कमळाचे नाते मात्र काश्मीरच्या चिनार वृक्षाच्या कुलाशी जुळते. कुमुदाचे पान देठापर्यंत चिरलेले असून पाण्यावर तरंगते. कमळाचे पान अखंड असते आणि बहुधा पाण्याच्या वर उभे राहते.

कुर्डू आणि कोंबडा यांचे उलट आहे. खरिपाच्या शेतातले तण म्हणून उपटले जाणारे, कोवळेपणी भाजीला येणारे कुर्डू आणि अंगणात हौसेने लावलेला कोंबडा ही एकाच सेलोसिया अर्जेंटिया या जातीची रूपे आहेत. कोंबड्याचा तुरा पुष्पदांडा पसरट होऊन वाढल्याने तयार होतो.

शास्त्रीय नावांत उतरलेली नावे

थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात शास्त्रीय नावांबरोबर स्थानिक नावेही नोंदवली. काही भारतीय नावे तर थेट शास्त्रीय नावांचाच भाग झाली आहेत. कदंबाच्या निओलमार्किया कदंबा या नावातील दुसरा शब्द भारतीय आहे, तसेच करवंदाचे कॅरँडस. 'कळंब' हे मराठी नाव मात्र कदंबालाही लागते आणि त्याच्याच कुलातील, तशीच चेंडूसारखी फुले येणाऱ्या मित्राजायना पार्विफोलियालाही.

कारवी (स्ट्रोबिलँथस कॅलोसा) हे ॲकँथेसी, म्हणजे अडुळशाच्या कुलातील सह्याद्रीचे झुडूप साधारण सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८ व २०१६ मध्ये तिचा सामूहिक बहर आला होता. बहरानंतर बी धरते आणि झुडपे मरतात. वाळलेल्या सरळ काठ्या शेणामातीने लिंपून घरांचे कूड बांधण्याची रीत घाटमाथ्यावर व कोकणात आहे. ब्रेमेकँप या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला वेगळ्या प्रजातीत घातले, तेव्हा प्रजातीला 'कार्व्हिया' हे मराठी नावावरूनच घडवलेले नाव दिले. सध्या ती पुन्हा स्ट्रोबिलँथसमध्ये गणली जाते. जुन्या कोशांत 'कार्व्हिया कॅलोसा' या नावाखालीही तिची माहिती सापडते.